मोटारीचा नाद आणि कायद्याचा कान

मराठीत ‘नाद’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक ध्वनी आणि दुसरा छंद. छंद अंमळ हाताबाहेर गेला, म्हणजे ‘त्याला नाद लागला’ असे आपण म्हणतो. मोटारीच्या शौकिनांच्या ठायी हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. त्यांना मोटारीचा नाद असतो, आणि मोटारीच्या नादाचाही नाद असतो. कारखान्यातून आलेला सायलेन्सर काढून त्या जागी बाजारातला मोकळ्या गळ्याचा सायलेन्सर बसवावा, आणि इंजिनाचा खर्ज गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचवावा, ही हौस आजची नाही. तिला आवर घालणारा कायदाही आजचा नाही. दोन्ही जवळजवळ मोटारीइतकीच जुनी आहेत.

जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांच्यावरून रोडरोलर फिरविल्याची छायाचित्रे अलीकडे वर्तमानपत्रांतून वारंवार येतात. ती पाहून ज्याची झोपमोड झालेली असते त्याला समाधान वाटते, आणि ज्याचे पैसे त्या सायलेन्सरात गुंतलेले असतात तो हळहळतो. दोघांच्याही भावना स्वाभाविक आहेत. परंतु वकिलाच्या मनात तिसराच प्रश्न उभा राहतो. हा आवाज बेकायदेशीर आहे हे ठरविले कोणी, आणि कशाच्या आधारे? आवाज ही डोळ्यांना न दिसणारी, क्षणात विरून जाणारी वस्तू. तिला कायद्याच्या चिमटीत पकडावयाचे कसे? गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नाला तीन प्रकारची उत्तरे देण्यात आली. कधी कायद्याने एका शब्दावर भिस्त ठेवली, कधी एका वस्तूवर, तर कधी एका आकड्यावर. या प्रत्येक उत्तरावर शौकिनांची प्रतिक्रिया वेगवेगळी झाली. त्या प्रतिक्रियांचा इतिहास पाहिला, तर त्यांच्या तक्रारीत ग्राह्य भाग कोणता आणि अग्राह्य कोणता, हे पुष्कळसे स्पष्ट होते.

प्रथम आवाज का होतो ते पाहू. सिलिंडरमध्ये इंधनाचा भडका उडाल्यावर जळलेला वायू मोठ्या दाबाखाली असतो. बाहेर जाण्याची झडप उघडताच तो एकदम सुटतो, आणि प्रत्येक सुटण्यागणिक एक स्फोटवजा धक्का हवेत उमटतो. सायलेन्सरचे काम एवढेच, की त्या वायूला प्रसरण पावण्यास जागा द्यावयाची, त्याच्या लहरी आतल्या आत परतवून किंवा शोषून घेऊन त्यांचा जोर मोडावयाचा, आणि मग त्याला शांतपणे बाहेर सोडावयाचे. मात्र वाट अडविली की वायू थोडा तुंबतो, आणि तुंबलेला वायू इंजिनाची थोडी शक्ती खातो. शौकिनांच्या साऱ्या युक्तिवादाचे मूळ या एका यांत्रिक सत्यात आहे. ‘आम्हाला आवाज नको, शक्ती हवी, आवाज तिच्याबरोबर येतो,’ असे ते सांगत आले. हे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे असे, की पुष्कळांना आवाजच हवा असतो आणि शक्तीचे नाव सोयीसाठी पुढे केले जाते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारींना ‘कट-आउट’ नावाची एक झडप बसविलेली असे. पायाने दाबली की जळलेला वायू सायलेन्सरला वळसा घालून थेट बाहेर पडे. चढावर शक्ती हवी, इंजिन नीट चालते की नाही ते कानाने तपासावयाचे आहे, अशी तिची समर्थने होती. व्यवहारात चालक ती गावातून जातानाच उघडीत. पहिल्या महायुद्धापूर्वीच ब्रिटनने सार्वजनिक रस्त्यांवर तिचा वापर बंद केला. रस्त्यावरचा प्रश्न असा तात्पुरता मिटला; पण रस्त्याबाहेरचा उरला, आणि तो सरे परगण्यातील वेब्रिज गावाजवळ ब्रुकलँड्स येथे फार मनोरंजक रीतीने लढला गेला.

ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटार कायद्याने रस्त्यावरील वेगाची मर्यादा ताशी २० मैल ठरविली होती. फ्रान्समध्ये हमरस्त्यांवर शर्यती होत असताना इंग्रज कारखानदारांना आपल्या मोटारी पळवून पाहण्यास जागा नव्हती. तेव्हा ह्यू लॉक किंग या जमीनदाराने स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या पैशाने, सुमारे पावणेतीन मैल घेराची काँक्रीटची शर्यतवाट बांधली. वळणावर ती बशीच्या काठासारखी जवळजवळ ३० फूट उंच उचललेली होती. १७ जून १९०७ रोजी तिचे उद्घाटन झाले. केवळ मोटारींसाठी बांधलेली अशी शर्यतवाट जगात तोवर नव्हती.

उद्घाटनास पुरते दोन आठवडे झाले नाहीत, तोच २८ आणि २९ जून रोजी एस. एफ. एज यांनी नेपियर मोटार सलग २४ तास चालवून १,५८१ मैलांचे अंतर कापले. सरासरी ताशी ६५.९ मैल. रात्री वाटेच्या कडेने कंदील लावले होते. वर्तमानपत्रांनी या पराक्रमाची वाखाणणी केली. मात्र त्या रात्री वेब्रिजच्या आसपास ज्यांचा डोळा लागला नाही, त्यांच्या दृष्टीने त्यात वाखाणण्यासारखे काही नव्हते. तक्रारी झाल्या, प्रकरण कोर्टापर्यंत गेले, आणि ब्रुकलँड्सवर रात्री मोटार पळविणे कायमचे बंद झाले. त्याचे पडसाद पुढे वीस वर्षांनीही उमटले. फ्रान्समध्ये ल माँ येथे १९२३ पासून चोवीस तासांची शर्यत सुरू झाली आणि बेंटली मोटारींनी ती अनेकदा जिंकली. पण तशी शर्यत इंग्लंडात भरविता येईना. शेवटी १९२९ ते १९३१ या काळात ब्रुकलँड्सवर ‘डबल ट्वेल्व्ह’ नावाची शर्यत झाली. पहिल्या दिवशी बारा तास, मग मोटारी रात्रभर कुलपात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बारा तास. शेजाऱ्याच्या झोपेने शर्यतीचे वेळापत्रक ठरविल्याचे याहून सुबक उदाहरण सापडणे कठीण.

इंग्रजी कायद्यात शेजाऱ्याच्या या हक्काला ‘न्यूसन्स’ म्हणजे उपद्रव या तत्त्वाचा आधार आहे. आपल्या जमिनीवर माणसाने वाटेल ते करावे, परंतु त्याचा धूर, दुर्गंधी वा आवाज शेजाऱ्याच्या हद्दीत वाजवीपेक्षा अधिक जाऊ नये, असे त्याचे सूत्र. ‘आम्ही आधी होतो, तुम्ही नंतर राहावयास आलात,’ हा बचाव मोटारशौकीन आजही करतात. पण १८७९ सालच्या ‘स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन’ या खटल्यात इंग्रजी न्यायालयाने तो फेटाळला होता. एका मिठाईवाल्याचे खलबत्ते वर्षानुवर्षे घणघणत होते. शेजारच्या डॉक्टरने पुढे लागून खोली बांधली, दावा लावला, आणि तो जिंकला. मात्र त्याच निकालाने हेही सांगितले, की काय उपद्रव ठरते हे वस्ती पाहून ठरवावे. उच्चभ्रू चौकात जो उपद्रव होईल तो कारखान्यांच्या पेठेत होईलच असे नाही. न्याय्य पण मोघम असे हे तत्त्व पुढच्या सगळ्या घोटाळ्याचे बीज आहे, हे ध्यानात ठेवावे.

महायुद्धानंतर १९२० मध्ये ब्रुकलँड्स पुन्हा सुरू झाले. आता इंजिने मोठी, मोटारी पुष्कळ, आणि भोवतालची वस्तीही वाढलेली. १९२४ मध्ये रहिवाशांनी पुन्हा न्यायालयाची पायरी चढली. त्याची परिणती म्हणून १९२५ पासून त्या वाटेवर धावणाऱ्या वाहनांस ठरवून दिलेल्या घडणीचा सायलेन्सर बसविणे सक्तीचे झाले. एक फुगीर डबा आणि त्याच्या टोकाला माशाच्या शेपटीसारखी चपटी, पसरट नळी असे त्याचे रूप. शौकिनांनी त्याचे नाव ‘ब्रुकलँड्स कॅन’ म्हणजे ब्रुकलँड्सचा डबा असे ठेवले. या नावात कौतुक कमी आणि कुरकुर जास्त होती.

पण पुढे जे घडले ते कायदा करणाऱ्यांनी आणि कायद्याला विरोध करणाऱ्यांनी, दोघांनीही लक्षात घेण्याजोगे आहे. पहिली गोष्ट अशी, की कुरकुर ओसरताच यंत्रज्ञांनी तो डबा गृहीत धरून इंजिने जुळविण्यास आरंभ केला. ७ ऑक्टोबर १९३५ रोजी जॉन कॉब यांनी नेपियर-रेल्टन या प्रचंड मोटारीने त्या वाटेची फेरी ताशी १४३.४४ मैल वेगाने पुरी केली. ब्रुकलँड्स १९३९ मध्ये शर्यतींना कायमचे बंद झाले, त्यामुळे तो विक्रम अबाधित राहिला. सायलेन्सर लावला की वेगाचा अंत झाला, ही भीती अशी त्याच वाटेवर खोटी ठरली.

दुसरी गोष्ट अधिक गमतीची आहे. ज्या डब्याला शौकिनांनी नाके मुरडली, तोच डबा आणि ती माशाची शेपटी थोड्याच वर्षांत त्यांच्या अभिमानाचे चिन्ह बनली. सामान्य रस्त्यावर चालणाऱ्या मोटारसायकलींना लोक हौसेने ब्रुकलँड्सचा डबा बसवून घेऊ लागले, कारण तो शर्यतवाल्यांच्या गाडीला असे! आवाज दाबण्यासाठी सक्तीने आलेली वस्तू वेगाचे भूषण झाली. यावरून असे दिसते, की शौकिनाचे प्रेम निव्वळ गोंगाटावर नसते. आपण एका विशिष्ट मंडळीतले आहोत हे दाखविणाऱ्या खुणेवर ते असते. ती खूण शांत असली तरी त्याला चालते. कायद्याने वस्तू नेमून दिली आणि शौकिनांनी ती आपलीशी केली. संघर्ष मिटविण्याचा हा मार्ग तेथे सफल झाला खरा. पण तेथे वाट एक होती, दरवाजा एक होता, आणि दरवाज्यावर प्रत्येक गाडी तपासता येत होती. खुल्या रस्त्याचे तसे नसते.

खुल्या रस्त्यावरचा हा झगडा सर्वांत तीव्र झाला तो अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील तरुणांनी जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात घेऊन, स्वतःच्या हाताने इंजिने सुधारून त्या पळविण्याचा छंद आरंभिला. अशा गाडीला ‘हॉट रॉड’ म्हणत. आत काचतंतू भरलेले, सरळ आरपार नळीचे सायलेन्सर हा त्यांचा आवडता अलंकार. त्यांच्याविरुद्ध राज्याच्या वाहन संहितेत तरतूद होती ती शब्दाची : प्रत्येक वाहनास पुरेसा सायलेन्सर असावा आणि त्यातून ‘अवाजवी अथवा असाधारण’ आवाज होऊ नये. ‘अवाजवी म्हणजे किती?’ असा प्रश्न विचारीत काही मोटारवाले न्यायालयात गेले. जो कायदा माणसाला आपण गुन्हा करीत आहोत की नाही हे आधी कळू देत नाही तो कायदाच नव्हे, हा त्यांचा मुद्दा होता. आणि घटनाशास्त्राच्या दृष्टीने तो क्षुल्लक नव्हे. १९५५ साली ‘स्मिथ विरुद्ध पीटरसन’ या प्रकरणात कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने तो अमान्य केला. मोटारी आता इतक्या सर्वत्र झाल्या आहेत, आणि सायलेन्सरही, की नेहमीचा आवाज कोणता हे सर्वसामान्य माणसाला अनुभवाने ठाऊक असते, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता.

निर्णय व्यवहार्य होता, परंतु त्यामुळे कायद्याचा कान शिपायाच्या डोक्यावर बसला. एका शिपायाला जो आवाज सुसह्य वाटे तो पुढच्या चौकातल्या शिपायाला अवाजवी वाटे. त्यातून जुनी रंगीबेरंगी गाडी आणि तिच्यात बसलेली पोरे दिसली की कान आपोआप अधिक तिखट होई, अशी शौकिनांची तक्रार असे. १९६३ मध्ये वेगवर्धक सामान बनविणाऱ्या कारखानदारांनी ‘सेमा’ ही संघटना स्थापन केली. तिने पुढे जी भूमिका घेतली ती पाहण्यासारखी आहे. कायदा रद्द करा असे म्हणण्याऐवजी, ‘आम्हाला आकडा द्या’ अशी तिची मागणी होती. या शतकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात तिच्याच पुढाकाराने तशी व्यवस्था झाली. हलक्या मोटारींना ९५ डेसिबेलची मर्यादा. सायलेन्सरच्या तोंडापासून २० इंचांवर, ४५ अंशांच्या कोनात यंत्र ठेवून मोजमाप. आणि दंडाची पावती मिळालेल्या माणसास अधिकृत केंद्रात जाऊन आपली गाडी मर्यादेत असल्याचा दाखला मिळविण्याची सोय.

येथे डेसिबेलविषयी एक शब्द सांगणे अवश्य आहे. हे माप गजासारखे सरळ वाढत नाही. दहा डेसिबेल वाढले म्हणजे ध्वनीची शक्ती दसपट होते, आणि कानाला तो आवाज सुमारे दुप्पट वाटतो. म्हणून ९५ आणि १०५ यांतील अंतर कागदावर लहान दिसले, तरी खिडकीआड झोपलेल्या आजाऱ्याला ते लहान नसते.

१ जानेवारी २०१९ पासून अंमलात आलेल्या एका दुरुस्तीने कॅलिफोर्नियात मोठी खळबळ उडाली. पूर्वी बहुधा ‘दुरुस्त करून आणा’ अशी पावती मिळे; सायलेन्सर बदलून दाखविला की प्रकरण मिटे. नव्या दुरुस्तीने ती वाट बंद करून थेट दंड ठेवला. शौकिनांत अशी आवई उठली, की बाजारातील सर्वच सायलेन्सर बेकायदेशीर झाले आणि मर्यादाही खाली आणली गेली. वस्तुतः मर्यादा ९५ चीच होती. तिच्यात एका डेसिबेलचाही फरक झालेला नव्हता. ‘सेमा’ला आपल्याच मंडळींना हे समजावून सांगत बसावे लागले. काहींनी याला सरकारची लूट म्हटले; काहींनी उलट आपल्याच हौशी बंधूंना दोष दिला, की मध्यरात्री वस्तीतून इंजिन फुरफुरविणाऱ्या चार जणांपायी चारशेंना झळ लागते. मात्र त्यांच्या घबराटीत एक खरा सल होता. रस्त्यावरच्या शिपायाजवळ मोजण्याचे यंत्र नसे. आकडा पुस्तकात होता आणि पावती कानावरच फाटत होती. मोजून निर्दोष ठरण्याचा उपयोग जर दंड टळण्याकडे होत नसेल, तर तो आकडा असून नसल्यासारखाच. त्या तरतुदीत पुढेही फेरबदल होत राहिले ते बहुतांशी याच मुद्द्याभोवती.

आकड्याची दुसरी बाजूही लौकरच दिसली. २०२३ मध्ये सॅक्रामेंटो येथे एका तरुणाला कारखान्यातून आलेल्या मूळ सायलेन्सरच्या नव्याकोऱ्या मोटारीबद्दल पावती मिळाली. त्या मोटारीत शर्यतवाटेसाठी दिलेली मोठ्या आवाजाची एक योजना होती. तीत चाचणी होताच गाडी नापास झाली. म्हणजे काहीही न बदलता माणूस दोषी ठरू शकतो. शौकिनांना यात विनोद दिसला. परंतु त्यांच्याच मागणीचा हा तर्कशुद्ध परिणाम होता. आकडा एकदा मागितला, की तो कारखान्याच्या शिक्क्यालाही जुमानीत नाही.

आपल्या देशात काय आहे? १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० वा नियम प्रत्येक वाहनास, वायूच्या निर्गमनाचा आवाज ‘शक्य तितका’ कमी करणारा सायलेन्सर असावा असे सांगतो, आणि त्याच नियमात ध्वनिमानकांचाही हवाला आहे. म्हणजे शब्द आला आणि आकडाही आला. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे ५२ वे कलम वाहनाच्या मूळ घडणीत फेरफार करण्यास मज्जाव करते. ९ जानेवारी २०१९ रोजी, कॅलिफोर्नियात ती खळबळ चालू असतानाच, सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालणार नाही असा निर्वाळा दिला. म्हणजे वस्तूही आली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफाराबद्दल मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, आणि ध्वनिमानकांच्या भंगाबद्दल दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. त्याआधी १८ जुलै २००५ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने शांततेत राहण्याचा हक्क घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाशी जोडला होता, आणि आवाज करण्याचा मूलभूत हक्क कोणासही सांगता येणार नाही असे बजावले होते.

तात्पर्य, कायद्याची आपल्याकडे उणीव नाही. तरीही बेळगावहून चोर्ल्याच्या घाटाने गोव्यात उतरणारा बुलेटस्वार आणि त्याला नाक्यावर अडविणारा हवालदार यांच्यामधला वाद अजून कानावरच मिटतो. स्वार म्हणतो, आवाजामुळे ट्रकवाल्याला माझी चाहूल लागते, जीव वाचतो. या युक्तिवादात फारसा दम नाही. सायलेन्सरचे तोंड मागे असते आणि धोका बहुधा पुढून येतो. पण हाच स्वार जेव्हा म्हणतो, ‘माझा आवाज किती भरला ते मोजून सांगा,’ तेव्हा त्याला उत्तर देण्यास सरकार बांधलेले आहे. कारण शिक्षा सरकार करते, आणि मोजण्याचे ओझे शिक्षा करणाऱ्याचे असते. तीच गोष्ट रोडरोलरची. जप्त वस्तूचा नाश हा तमाशा नव्हे, न्यायिक प्रक्रियेचा शेवट असावयास हवा. शिवाय भर बाजारपेठेत तोच सायलेन्सर उजळ माथ्याने विकला जात असेल, तर रोलरखाली चिरडला जातो तो केवळ ग्राहक.

सव्वाशे वर्षांच्या या अनुभवातून प्रस्तुत लेखकास दिसणारा निष्कर्ष असा. ‘माझी गाडी, माझा आवाज’ ही शौकिनांची पहिली तक्रार इंग्रजी न्यायालयांनी १८७९ सालीच निकालात काढली. आवाज कुंपण ओलांडतो, म्हणून तो कुणा एकाचा राहत नाही. ‘किती ते आधी सांगा आणि मोजून दाखवा’ ही त्यांची दुसरी तक्रार मात्र कायद्याच्या राज्याचीच मागणी आहे, आणि ती मान्य केल्याने झोपणाऱ्याचे काहीही हिरावले जात नाही. उलट मोजलेला दंड कोर्टात टिकतो, आणि टिकणारा दंडच रात्र शांत ठेवू शकतो. नाक्यावरच्या हवालदाराच्या हाती ध्वनिमापक यंत्र देण्याचा खर्च रोलरच्या भाड्याहून फार जास्त येईल, असे वाटत नाही.